चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स (मुत्सद्दी)

चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स (१८ ऑगस्ट, १८०७ : बॉस्टन, मॅसेच्युसेट्स – २१ नोव्हेंबर, १८८६ : बॉस्टन, मॅसेच्युसेट्स) हे अमेरिकन मुत्सद्दी, राजकारणी आणि इतिहाससाधनांचे संपादक होते. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स हे त्यांचे आजोबा, तर सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हे वडील. १८६१ ते १८६८ या काळात ते ब्रिटनमध्ये अमेरिकेचे दूत होते. अमेरिकन यादवी युद्धात ब्रिटनने दक्षिणेकडील बंडखोर राज्यांना स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता देऊ नये आणि त्यांच्यासाठी ब्रिटिश गोद्यांत युद्धनौका बांधल्या जाऊ नयेत, ही त्यांच्या कामाची दोन मुख्य उद्दिष्टे होती. पहिल्यात त्यांना यश मिळाले, दुसऱ्यात अर्धेच. उरलेल्या अर्ध्या भागाचा निकाल जिनिव्हा येथील लवादाने १८७२ मध्ये लावला. त्या लवादातही ॲडम्स सदस्य होते.

जन्म, बालपण व शिक्षण

ॲडम्स दोन वर्षांचे असताना वडिलांची रशियात दूत म्हणून नेमणूक झाली आणि त्यांचे बालपण सेंट पीटर्सबर्ग येथे गेले. तिथल्या दरबारी वर्तुळात फ्रेंचचे चलन असल्यामुळे ती भाषा त्यांना लहानपणीच अवगत झाली. १८१५ च्या हिवाळ्यात आई लुईझा कॅथरीन यांनी सात वर्षांच्या चार्ल्सला बरोबर घेऊन घोडागाडीने सेंट पीटर्सबर्ग ते पॅरिस हा प्रवास केला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलखातून जाणारी ही वाट संपेपर्यंत नेपोलियन एल्बाहून परतला होता. त्यानंतर वडील लंडनला दूत झाले आणि चार्ल्स दोन वर्षे इंग्लंडमधील शाळेत शिकले. इंग्रजी समाजाची रीत, त्याचा शिष्टाचार आणि त्यातला परक्याविषयीचा तुटकपणा या गोष्टी त्यांना पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत. पुढे याचा फार उपयोग झाला.

१८१७ मध्ये कुटुंब अमेरिकेत परतले. बॉस्टन लॅटिन स्कूल व हार्वर्ड कॉलेज येथे शिक्षण घेऊन ते १८२५ मध्ये पदवीधर झाले. डॅनियल वेबस्टर यांच्या कार्यालयात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, पण वकिलीत त्यांचे मन फारसे रमले नाही. १८२९ मध्ये बॉस्टनचे धनाढ्य व्यापारी पीटर चार्डन ब्रुक्स यांची कन्या ॲबिगेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. थोरले बंधू जॉर्ज यांचा त्याच वर्षी आणि मधले बंधू जॉन यांचा १८३४ मध्ये मृत्यू झाला. त्यामुळे घराण्याचे नाव, वाडा आणि दोन राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे सांभाळण्याची जबाबदारी एकट्या चार्ल्स यांच्यावर येऊन पडली.

राजकीय वाटचाल

१८४१ पासून ॲडम्स मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळात व्हिग पक्षाचे सदस्य होते. जॉर्ज लॅटिमर या पळून आलेल्या गुलामाच्या अटकेनंतर हजारो नागरिकांनी विधिमंडळाकडे अर्ज केला. त्यावर विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे कामकाज ॲडम्स यांच्याकडे होते. त्यातून १८४३ चा कायदा झाला आणि फरारी गुलामांना पकडण्याच्या कामी राज्याचे अधिकारी व तुरुंग वापरण्यास बंदी आली. १८४६ पासून त्यांनी ‘बॉस्टन व्हिग’ हे गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र चालवले. १८४८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या फ्री सॉइल पक्षाने त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. मार्टिन व्हॅन ब्युरेन हे त्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. पक्षाला सुमारे दहा टक्के मते पडली, मात्र एकही राज्य जिंकता आले नाही.

पुढील दशकात ते मुख्यतः अभ्यासिकेत रमले. आजोबांचे लेखन त्यांनी दहा खंडांत संपादित केले (१८५०–५६). १८५८ मध्ये ते रिपब्लिकन पक्षातर्फे अमेरिकन प्रतिनिधिगृहात निवडून आले. १८६०–६१ च्या हिवाळ्यात दक्षिणेकडील राज्ये एकामागून एक फुटून निघत असताना तडजोडीसाठी नेमलेल्या तेहतीस जणांच्या समितीत ते होते. गुलामगिरीला नव्या प्रदेशांत पसरू न देण्याच्या तत्त्वावर ते ठाम होते. तरीही सीमेवरची राज्ये फुटू नयेत म्हणून त्यांनी काही सवलती देऊ केल्या, आणि त्यापायी चार्ल्स समनर यांच्यासारख्या जुन्या मित्रांशी त्यांचे बिनसले. या काळात ते विल्यम सीवर्ड यांच्या निकट आले. सीवर्ड परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांच्याच आग्रहाने राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ॲडम्स यांना लंडनला पाठवण्याचे ठरवले.

नेमणुकीनंतर ॲडम्स आभार मानण्यासाठी लिंकन यांना भेटले. त्यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रानुसार लिंकन यांनी या नेमणुकीचे श्रेय सीवर्ड यांना देऊन विषय संपवला आणि लगेच शिकागोच्या टपाल कार्यालयातील नेमणुकीची गोष्ट काढली. परदेश धोरणावर एक शब्दही झाला नाही. ॲडम्स यांना हा प्रसंग बराच लागला. लिंकन यांच्याविषयीचे त्यांचे मत पुढेही फारसे अनुकूल झाले नाही. युद्धकाळातील दोन मोठ्या व्यक्तींमधील हा दुरावा कायम राहिला, तरी त्याचा कामावर परिणाम झालेला दिसत नाही.

लंडनमधील आगमन व तटस्थतेची घोषणा

ॲडम्स घराण्यातील सलग तिसरी पिढी लंडनला दूत म्हणून जात होती. जॉन ॲडम्स हे ब्रिटनमधील पहिले अमेरिकन दूत होते. चार्ल्स फ्रान्सिस १३ मे १८६१ रोजी लंडनला पोहोचले आणि त्याच तारखेची राणी व्हिक्टोरियाची तटस्थतेची घोषणा दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाली. या घोषणेने ब्रिटनने दोन्ही बाजूंना ‘युद्धमान पक्ष’ मानले. दक्षिणेला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मिळाली नव्हती, परंतु तिच्या जहाजांना चाचे न मानता लढाऊ पक्षाची जहाजे मानले जाणार होते. शिवाय ती परदेशात कर्ज काढू शकत होती. नवा दूत येईपर्यंतही ब्रिटिश सरकार थांबले नाही, याचा उत्तरेकडील जनमताला संताप आला. लिंकन सरकारने मात्र १९ एप्रिलला दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली होती. नाकेबंदी ही आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार युद्धातलीच कृती असल्याने ब्रिटनचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता.

१८ मे रोजी परराष्ट्रमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांच्याशी त्यांची पहिली सविस्तर भेट झाली. रसेल तोवर दक्षिणेच्या प्रतिनिधींना दोनदा अनौपचारिकपणे भेटले होते. जूनमध्ये सीवर्ड यांचे २१ मेचे पत्र लंडनला आले. ते इतके कडक होते की लिंकन यांनी स्वतः त्यातील अनेक वाक्ये सौम्य केली होती आणि ते रसेल यांच्या हाती न देता केवळ ॲडम्स यांच्या मार्गदर्शनासाठी असावे असे ठरले होते. ॲडम्स यांनी पत्राचा रोख ठेवला आणि धमकीची भाषा गाळली. बंडखोरांच्या प्रतिनिधींशी गाठीभेटी चालू राहिल्या तर ती अमैत्रीची कृती समजली जाईल, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. १२ जूनच्या या भेटीत रसेल यांनी आपला त्या प्रतिनिधींना पुन्हा भेटण्याचा विचार नसल्याचे स्पष्ट केले.

या साऱ्या व्यवहारात एक अडचण कायमची होती. अटलांटिक महासागराखालून १८५८ मध्ये टाकलेली तार काही आठवड्यांतच बंद पडली होती आणि नवी तार १८६६ मध्ये सुरू झाली. त्यामुळे वॉशिंग्टनहून लंडनला पत्र पोहोचायला साधारण दोन आठवडे लागत, आणि उत्तर परत जायला तितकाच वेळ. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत महिना जाई. संकटाच्या वेळी दूताला स्वतःच्या अंदाजावरच बोलावे लागे किंवा गप्प राहावे लागे. ॲडम्स यांनी बहुतेक वेळा गप्प राहणे पसंत केले.

ट्रेंट प्रकरण

याची सर्वांत कठीण परीक्षा १८६१ च्या अखेरीस झाली. १२ नोव्हेंबर रोजी पंतप्रधान पामर्स्टन यांनी ॲडम्स यांना बोलावून घेतले. साउदॅम्प्टनजवळ आलेली अमेरिकन युद्धनौका ब्रिटिश टपालबोट अडवून तीवरील दक्षिणेच्या दूतांना पकडणार, अशी त्यांना शंका होती. कायद्यात बसले तरी असे करणे शहाणपणाचे नाही, असे त्यांनी सुनावले. ॲडम्स यांनी तसा काही बेत नसल्याची ग्वाही दिली. ती प्रामाणिक होती, पण चार दिवसांपूर्वीच बहामाजवळच्या समुद्रात नेमके तेच घडले होते. ८ नोव्हेंबर रोजी ‘सॅन जासिंटो’ या युद्धनौकेचे कप्तान चार्ल्स विल्क्स यांनी ‘ट्रेंट’ ही ब्रिटिश टपालबोट थांबवून जेम्स मेसन व जॉन स्लायडेल या दक्षिणेच्या दूतांना त्यांच्या दोन सचिवांसह उचलून नेले होते. लंडनमध्ये बोलणाऱ्या दोघांपैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

२७ नोव्हेंबरला ही बातमी इंग्लंडमध्ये पोहोचली तेव्हा ॲडम्स यॉर्कशायरमध्ये रिचर्ड मंकटन मिल्न्स यांच्या घरी पाहुणे होते. ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली. कॅनडाला सुमारे ११,००० सैनिक पाठवण्याची तयारी सुरू झाली आणि कैद्यांची सुटका व माफी यांची मागणी करणारे पत्र तयार झाले. आजारी असलेले प्रिन्स अल्बर्ट यांनी त्या पत्राची भाषा मवाळ केली आणि विल्क्स यांनी सरकारच्या आदेशावाचून कृती केली असावी, अशी पळवाट मोकळी ठेवली. प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबरला निवर्तले.

ॲडम्स यांच्याकडे तीन आठवडे कसलीही सूचना नव्हती. त्यांनी विल्क्स यांचे समर्थनही केले नाही आणि निषेधही केला नाही. मायदेशी परतावे लागेल असे त्यांना वाटत होते. अखेर सीवर्ड यांचे ३० नोव्हेंबरचे पत्र मिळाले. विल्क्स यांनी स्वतःच्या मनाने कृती केल्याचे त्यात म्हटले होते. १९ डिसेंबरला ॲडम्स यांनी ते रसेल यांना वाचून दाखवले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये कैदी सोडण्याचा निर्णय झाला आणि १ जानेवारी १८६२ रोजी मेसन व स्लायडेल ब्रिटिश जहाजावर चढले. तार चालू असती तर दोन्हीकडच्या पहिल्या रागाची उत्तरे त्याच दिवशी गेली असती. ती नव्हती, हेच या वेळी पथ्यावर पडले, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

पामर्स्टन यांच्याशी खटका

१८६२ च्या मे महिन्यात न्यू ऑर्लीन्स ताब्यात घेतलेले जनरल बेंजामिन बटलर यांनी उत्तरेच्या सैनिकांचा अपमान करणाऱ्या स्त्रियांना वेश्येसारखी वागणूक द्यावी, असा हुकूम काढला. जूनमध्ये पामर्स्टन यांनी याबद्दल ॲडम्स यांना अत्यंत तिखट पत्र लिहिले आणि वर ‘खासगी’ असा शेरा मारला. ॲडम्स यांनी हुकुमाची बाजू घेतली नाही. हे पत्र पंतप्रधानांचे आहे की एका सद्गृहस्थाचे, एवढाच प्रश्न त्यांनी उलट विचारला आणि दूताशी पत्रव्यवहार परराष्ट्रमंत्र्यामार्फत व्हावा हा नियम दाखवला. रसेल यांनाही पंतप्रधानांचे वागणे रीतीला सोडून वाटले. असा खासगी पत्रव्यवहार यापुढे स्वीकारणार नाही, असे कळवून ॲडम्स यांनी प्रकरण मिटवले. पामर्स्टन यांच्या घरच्या मेजवान्यांना काही काळ ॲडम्स कुटुंब गेले नाही.

कापूस, लँकेशायर आणि मुंबई

ब्रिटनच्या सूतगिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. कापूस थांबला की ब्रिटनला आपल्या बाजूने उभे राहावेच लागेल, हा दक्षिणेच्या नेत्यांचा हिशेब होता. १८६१ मध्ये त्यांनी स्वतःच कापूस अडवून धरला. मात्र आधीच्या मोठ्या पिकामुळे लिव्हरपूलच्या वखारी भरलेल्या होत्या आणि टंचाईची खरी झळ १८६२ च्या उत्तरार्धात लागली. त्या हिवाळ्यात लँकेशायर परिसरातील सुमारे पाच लाख माणसे मदतीवर जगत होती.

ही तूट काही अंशी हिंदुस्थानातील कापसाने भरून काढली. खानदेश, वऱ्हाड व गुजरात येथील कापूस मुंबई बंदरातून इंग्लंडला जाऊ लागला. आखूड धाग्याचा हा ‘सुरती’ कापूस तिकडच्या गिरणी कामगारांना मुळीच आवडत नसे, परंतु त्याच्यामुळे गिरण्या निदान काही दिवस तरी चालत. मुंबईत या काळात पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी गब्बर झाले आणि बॅकबेच्या भरावासारख्या योजनांच्या शेअरांचा सट्टा माजला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेने शरणागती पत्करल्याची बातमी आल्यावर भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या आर्थिक इतिहासातील ही प्रसिद्ध ‘शेअर मॅनिया’ची हकीकत आहे. लंडनमध्ये ॲडम्स ज्या हस्तक्षेपाला थोपवत होते, तो हस्तक्षेप कापसाच्या नावाखाली मागणाऱ्यांचा जोर या पर्यायी पुरवठ्यामुळे थोडाफार कमी झाला.

हस्तक्षेपाचे संकट

१८६२ च्या उन्हाळ्यात उत्तरेच्या सैन्याला सतत अपयश येत होते. पामर्स्टन व रसेल यांच्यात मध्यस्थीविषयी खासगी पत्रव्यवहार सुरू झाला होता. मध्यस्थीचा अर्थ व्यवहारात दक्षिणेचे वेगळेपण मान्य करणे असाच होता. सीवर्ड यांनी ऑगस्टमध्ये ॲडम्स यांना आगाऊ सूचना दिली होती की, मध्यस्थीवर कोणतीही चर्चा करू नये, आणि ब्रिटनने दक्षिणेला मान्यता दिलीच तर दूताचे काम थांबवावे. ७ ऑक्टोबर रोजी अर्थमंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांनी न्यूकॅसलच्या भाषणात दक्षिणेच्या नेत्यांनी एक राष्ट्र घडवले आहे, असे जाहीरपणे म्हटले.

ॲडम्स यांनी सीवर्ड यांची सूचना खिशातच ठेवली. ते दोन आठवडे थांबले आणि २३ ऑक्टोबरला दुसऱ्याच कामानिमित्त झालेल्या भेटीत, आपल्याला सामान बांधावे लागेल की काय अशी वेळ आली होती, असे त्यांनी रसेल यांना सहज सुचवले. ग्लॅडस्टन यांच्या बोलण्याबद्दल पंतप्रधान व इतर सहकाऱ्यांना खेद वाटल्याचे रसेल यांनी सांगितले. सरकारचे तटस्थतेचे धोरण बदललेले नाही, मात्र पुढची हमी देता येत नाही, असेही ते म्हणाले. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने सहा महिन्यांच्या युद्धविरामाचा संयुक्त प्रस्ताव मांडला. ब्रिटिश मंत्रिमंडळाने तो नाकारला. युद्धमंत्री जॉर्ज कॉर्नवॉल लुइस यांचा विरोध त्यात महत्त्वाचा ठरला. यात ॲडम्स यांच्या वाट्याचे श्रेय किती, हे मोजणे अवघड आहे. सप्टेंबरमध्ये अँटिएटम येथे दक्षिणेची चढाई रोखली गेली नसती, तर दूताच्या संयमाचा कितपत उपयोग झाला असता हा प्रश्न उरतोच.

लिंकन यांच्या मुक्तिघोषणेने (१ जानेवारी १८६३) वातावरण पालटू लागले. प्रारंभी वरच्या वर्गातील वृत्तपत्रांनी तिची टर उडवली होती, परंतु शहराशहरांतून तिच्या समर्थनार्थ सभा झाल्या. कापूसटंचाईने होरपळलेल्या मँचेस्टरमधील सभेने १८६२ च्या अखेरच्या दिवशी लिंकन यांना मानपत्र पाठवले आणि लिंकन यांनी त्याला उत्तर दिले. अशा सभांची निवेदने ॲडम्स यांच्या वकिलातीतूनच वॉशिंग्टनला रवाना होत. जॉन ब्राइट, रिचर्ड कॉब्डेन आणि डब्ल्यू. ई. फॉर्स्टर हे संसदेतील त्यांचे खरे मित्र होते.

‘अलाबामा’ व लेअर्डची चिलखती जहाजे

दक्षिणेचे प्रतिनिधी जेम्स बुलक यांनी लिव्हरपूलमध्ये युद्धनौका बांधून घेण्याचा सपाटा लावला होता. ब्रिटनच्या १८१९ च्या कायद्याने परक्या युद्धासाठी ब्रिटिश भूमीवर जहाज ‘सज्ज’ करण्यास मनाई होती. बुलक यांनी जहाज एकीकडे बांधून तोफा दुसऱ्या जहाजातून समुद्रात चढवण्याची युक्ती काढली. लिव्हरपूलमधील अमेरिकन वाणिज्यदूत थॉमस डडली यांनी हेर नेमून, खलाशांच्या साक्षी घेऊन पुरावे गोळा केले आणि ॲडम्स यांनी ते रसेल यांच्यापुढे ठेवले. मार्च १८६२ मध्ये ‘फ्लॉरिडा’ निसटले. बर्कनहेड येथील लेअर्ड कंपनीच्या गोदीत ‘२९०’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या जहाजाबद्दल ॲडम्स यांनी २३ जून रोजी तक्रार केली आणि नंतर रॉबर्ट कॉलियर या नामवंत कायदेपंडिताचे मतही जोडले. सरकारी कायदेसल्लागार सर जॉन हार्डिंग आजारी असल्याने कागद त्यांच्या घरी काही दिवस तसेच पडून राहिले. जहाज अडवण्याचा सल्ला २९ जुलैला तयार झाला. त्याच दिवशी चाचणी-सफरीच्या मिषाने, वर पाहुणे घेऊन निघालेले ते जहाज परतलेच नाही. पाहुण्यांना एका छोट्या बोटीने माघारी धाडण्यात आले.

अझोर्स बेटांजवळ तोफा चढवल्यावर त्याचे नाव ‘अलाबामा’ झाले. कप्तान राफाएल सेम्स यांनी दोन वर्षांत सुमारे ६५ अमेरिकन जहाजे पकडली व त्यांपैकी बहुतेक जाळली. ‘अलाबामा’ हिंदी महासागरातही येऊन गेले. मुंबईहून निघालेले ‘एमा जेन’ हे अमेरिकन व्यापारी जहाज त्याने जानेवारी १८६४ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ जाळले. अखेर १९ जून १८६४ रोजी फ्रान्समधील शेरबूर्गजवळ ‘किअरसार्ज’ या अमेरिकन युद्धनौकेने ‘अलाबामा’ बुडवले.

जहाज निसटल्यावर ॲडम्स यांनी आदळआपट केली नाही. २० नोव्हेंबर १८६२ रोजी त्यांनी ‘अलाबामा’ने केलेल्या नुकसानाची भरपाई ब्रिटनकडे मागितली. रसेल यांनी जबाबदारी नाकारली. तरीही त्यानंतर जळालेल्या जहाजांचा तपशील, मालकांचे अर्ज, साक्षी हे सारे ॲडम्स ठराविक भाषेत परराष्ट्र खात्याला पाठवत राहिले. त्या घडीला हा निव्वळ कागदांचा ढीग वाटत होता.

१८६३ मध्ये त्याहून मोठे संकट उभे राहिले. लेअर्ड यांच्याच गोदीत दोन चिलखती जहाजे तयार होत होती. पाण्याखाली लोखंडी सुळका आणि वर फिरत्या मनोऱ्यातील तोफा असलेली ही जहाजे उत्तरेच्या लाकडी नौकांची नाकेबंदी फोडू शकली असती. कागदोपत्री त्यांची मालकी ब्राव्हे या फ्रेंच कंपनीकडे होती आणि ती इजिप्तच्या पाशासाठी असल्याचे सांगण्यात येई. त्यातच ‘अलेक्झांड्रा’ या दुसऱ्या जहाजाची जप्ती जूनमध्ये न्यायालयात टिकली नव्हती, त्यामुळे सरकार बिचकत होते. १ सप्टेंबरच्या पत्रात रसेल यांनी हस्तक्षेप करता येत नसल्याचे कळवले. ते मिळाल्यावर ५ सप्टेंबरला ॲडम्स यांनी लिहिले की, जहाजे बाहेर पडली तर हे युद्धच आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हे वाक्य अमेरिकन मुत्सद्देगिरीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे आणि त्यानेच ब्रिटन नमले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. प्रत्यक्षात रसेल यांनी जहाजे रोखण्याची सूचना ३ सप्टेंबरलाच दिली होती. ॲडम्स यांना ते माहीत नव्हते. निर्णय फिरवला तो या पत्राने नव्हे, तर जुलैपासून सतत येत राहिलेल्या निवेदनांनी, डडली यांच्या पुराव्यांनी आणि गेटिसबर्ग व व्हिक्सबर्ग येथील उत्तरेच्या विजयांनी. ऑक्टोबरमध्ये जहाजे ताब्यात घेण्यात आली. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने ती विकत घेऊन त्यांना ‘स्कॉर्पियन’ व ‘विव्हर्न’ ही नावे दिली.

ॲडम्स यांची कारकीर्द निर्दोष होती असे मात्र नाही. एप्रिल १८६३ मध्ये फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या मेक्सिकोसाठी माल नेणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांना त्यांनी शिफारसपत्र दिले. ते उघडकीस आल्यावर एक परका दूत ब्रिटिश व्यापाराला परवाने वाटतो, अशी ओरड झाली आणि फ्रान्सही दुखावला. सावध माणसाची ही एक ठळक चूक होती.

कुटुंब व स्वभाव

मधला मुलगा हेन्री वडिलांचा खासगी सचिव म्हणून लंडनमध्ये होता. त्याने निनावी म्हणून पाठवलेला मँचेस्टरविषयीचा लेख बॉस्टनच्या वृत्तपत्राने त्याच्या नावासकट छापला आणि लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याची खिल्ली उडवली. दूताच्या घरासाठी हा प्रसंग अवघड होता. दुसरा मुलगा चार्ल्स फ्रान्सिस (धाकटे) घोडदळात लढत होता आणि त्याची ख्यालीखुशाली बापाला दोन आठवडे जुन्या पत्रांतून कळे. एप्रिल १८६५ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्या पाचव्या मॅसेच्युसेट्स घोडदळासह तो रिचमंडमध्ये शिरला. पिता, पुत्र व हेन्री यांच्यातील युद्धकाळातील पत्रे १९२० मध्ये दोन खंडांत प्रकाशित झाली.

ॲडम्स थंड, अलिप्त आणि मोजके बोलणारे म्हणून ओळखले जात. ते अनेकांना अहंकारी वाटत. हाच स्वभाव बॉस्टनच्या राजकारणात त्यांना नडला आणि लंडनच्या दिवाणखान्यांत उपयोगी पडला. तुटकपणात तेथील उमरावांना त्यांच्यावर मात करता आली नाही.

जिनिव्हा लवाद

१८६५ मध्ये ॲडम्स व रसेल यांच्यात नुकसानभरपाईवर प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. रसेल यांनी लवादाची कल्पना फेटाळली. १८६८ मध्ये ॲडम्स पद सोडून मायदेशी परतले. ८ मे १८७१ च्या वॉशिंग्टन करारानुसार हा वाद पाच जणांच्या लवादाकडे सोपवण्यात आला. त्यात अमेरिकेतर्फे ॲडम्स, ब्रिटनतर्फे सर अलेक्झांडर कॉकबर्न, तर इटलीचे काउंट स्क्लोपिस, स्वित्झर्लंडचे याकोब श्टेम्फ्ली आणि ब्राझीलचे बॅरन इताजुबा हे सदस्य होते.

युद्ध लांबल्यामुळे झालेल्या खर्चाची ‘अप्रत्यक्ष’ भरपाईही अमेरिकेने मागितल्याने लवाद मोडण्याच्या बेतात आला. जून १८७२ मध्ये ॲडम्स यांनी पुढाकार घेतला. अशा मागण्या आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार विचारात घेता येत नाहीत, असे मत लवादाने आधीच जाहीर करावे, असे त्यांनी सुचवले. आपल्याच देशाच्या मागणीचा एक भाग बाजूला सारण्याची ही सूचना होती. सर्वांनी ती मानली आणि सुनावणी पुढे सरकली. १४ सप्टेंबर १८७२ रोजी ‘अलाबामा’, ‘फ्लॉरिडा’ आणि मेलबर्न सोडल्यानंतरचे ‘शेनंडोआ’ यांच्या कृत्यांसाठी ब्रिटनला जबाबदार धरून १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्याच्या रूपात देण्याचा निवाडा झाला. कॉकबर्न यांनी त्यावर सही केली नाही, पण ब्रिटनने रक्कम चुकती केली. दहा वर्षांपूर्वी बिनकामाचा वाटलेला कागदांचा ढीग या निवाड्यात पुरावा म्हणून वापरला गेला.

उत्तरायुष्य

मे १८७२ मध्ये लिबरल रिपब्लिकन पक्षाच्या सिनसिनाटी अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पहिल्या फेरीत ॲडम्स आघाडीवर होते. उमेदवारीसाठी कोणाशीही सौदा करणार नाही, असे त्यांनी आधीच कळवले होते. सहाव्या फेरीत संपादक होरेस ग्रीली निवडले गेले. १८७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे मॅसेच्युसेट्सच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून ते पराभूत झाले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी वडिलांच्या दैनंदिनीचे बारा खंड (१८७४–७७) प्रकाशित केले. क्विन्सी येथील वडिलोपार्जित वाड्याच्या आवारात त्यांनी १८७० मध्ये दगडी ग्रंथालय बांधले. ते आता ॲडम्स नॅशनल हिस्टॉरिकल पार्कचा भाग आहे. पुढे त्यांची स्मरणशक्ती क्षीण होत गेली आणि २१ नोव्हेंबर १८८६ रोजी बॉस्टन येथे त्यांचे निधन झाले. क्विन्सीतील माउंट वोलॅस्टन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

त्यांची अनेक दशकांची दैनंदिनी मॅसेच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. पहिले चरित्र त्यांच्याच नावाच्या मुलाने १९०० मध्ये लिहिले. हा मुलगा त्याआधी युनियन पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष होता आणि दोघांच्या नावांची अनेकदा गल्लत होते. मार्टिन ड्युबरमन यांचे चरित्र १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. हेन्री ॲडम्स यांच्या ‘द एज्युकेशन ऑफ हेन्री ॲडम्स’ या पुस्तकात लंडनमधील वर्षांवर अनेक प्रकरणे आहेत. रसेल खोटे बोलत होते की गोंधळलेले होते, हा वडिलांना न सुटलेला प्रश्न त्यात मुलाने पुन्हा पुन्हा चाळला आहे.